किंग ऑलिव्हर आणि त्याचा लुई

कॉर्नेट हे वाद्य आपल्याला परके नाही. लग्नाच्या वरातीत सनईवाल्यांच्या जोडीला बँडवाले आले, तेव्हापासून त्याचा पितळी, खणखणीत आवाज आपल्या कानांवर पडत आला आहे. ठरलेले गाणे ठरल्याप्रमाणे वाजवावे आणि पुढच्या चौकाकडे चालू लागावे, एवढेच त्याचे काम, असे आपण धरून चाललो. परंतु हेच वाद्य अमेरिकेतील एका बंदराच्या शहरात, गरिबांतल्या गरिबांच्या वस्तीत, आपल्या खयालासारखे जागच्या जागी फुलवले गेले. त्याची तालीम गुरूकडून शिष्याकडे गेली आणि त्यातून विसाव्या शतकातील एक सबंध संगीतपद्धती उभी राहिली. ही हकीकत ज्यांच्या घरात गाण्याची आवड दोन-तीन पिढ्या मुरलेली आहे, अशा वाचकांना मोठी ऐकण्याजोगी वाटेल.

जाझ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नाचघर, रंगीत दिवे आणि धांगडधिंगा उभा राहतो. हा समज अगदीच निराधार नव्हे. जाझ नाचघरातच वाढले. पण ठुमरीही कोठीवर वाढली आणि लावणी फडात वाढली, म्हणून त्यांतले सूर आपण कमी प्रतीचे मानत नाही. कला कोठे वाढली यापेक्षा ती कोणी, कोणाकडून, काय किंमत देऊन शिकली, हे पाहणे अधिक बोधप्रद असते. म्हणून आज जाझच्या शास्त्राकडे न वळता, त्यातील एका गुरूची आणि एका शिष्याची गोष्ट सांगावी असे योजले आहे. गुरूचे नाव जोसेफ ऑलिव्हर, शिष्याचे नाव लुई आर्मस्ट्राँग. शिष्याचे नाव जगभर झाले. गुरूचे नाव आज जाणकारांच्या तोंडी तेवढे उरले आहे.

मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील न्यू ऑर्लिन्स हे शहर फ्रेंच, स्पॅनिश आणि मग अमेरिकन अशा तीन अमलांखाली राहिलेले. तेथे कोणतीही गोष्ट बँडावाचून होत नसे. सहल निघाली की बँड, निवडणूक आली की बँड, माणूस मेला तरी बँड. स्मशानाकडे जाताना संथ, शोकाकुल सूर; आणि मृताला माती देऊन परतताना तेच वादक असे काही वाजवीत की शोक करणारेही नाचू लागत. गुलामगिरी संपून अर्धे शतक झाले नव्हते. कृष्णवर्णीय लोकांना शिक्षण, मते आणि नोकऱ्या यांचे दरवाजे बंद होते. पण बँडात वाजवायला बंदी नव्हती. दिवसा हमाली, सुतारकी किंवा घरकाम करावे आणि रात्री वाद्य हाती घ्यावे, असा तेथील कलावंतांचा रिवाज.

ऑलिव्हर हा त्यांतलाच एक. त्याने एका घरी बटलर म्हणून चाकरी केली आणि बँडांत कॉर्नेट वाजवले. देहाने धिप्पाड, खाण्याचा शौकीन, लहानपणापासून एका डोळ्याने अधू. शिकायला त्याला वेळ लागला. पण एकदा हात बसल्यावर त्याने या वाद्याकडून अशी कामे करून घेतली की लोक थक्क झाले. कॉर्नेटच्या तोंडाशी कधी पेला, कधी बाटली, कधी मोरी साफ करण्याचा रबरी गोळा धरून तो त्यातून मूल रडल्याचा, कोंबडा आरवल्याचा, माणूस कुरकुरल्याचा आवाज काढी. हे नुसते नकलांचे काम नव्हते. पितळेच्या नळीला माणसाचा गळा द्यावा, ही त्यामागची दृष्टी होती. किड ऑरी या प्रसिद्ध वादकाच्या बँडात असताना त्याला ‘किंग’ म्हणजे राजा ही पदवी मिळाली. ती देणारा कोणी संस्थानिक नव्हता. पदवी त्याच्याच धंद्यातील माणसांनी दिली होती.

शिष्याचा जन्म याच शहरात ४ ऑगस्ट १९०१ रोजी झाला. स्वतः लुई मात्र जन्मभर ४ जुलै १९०० ही अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची तारीख सांगत राहिला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडली. बाप घर सोडून गेलेला. आई मेयॅन मोलमजुरी करून लुईला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला वाढवी. वस्ती इतकी भांडखोर की तिला लोक ‘रणांगण’ म्हणत. लहानग्या लुईला काम दिले ते कार्नोफ्स्की नावाच्या एका गरीब ज्यू कुटुंबाने. हे लोक लिथुआनियाहून आलेले. भंगार आणि कोळसा गाडीवर घालून विकणारे. गाडी आली हे गिऱ्हाइकांना कळावे म्हणून लुई गाडीवर बसून एक पत्र्याचे भोंगे फुंकी. पुढे एका गहाणवट्याच्या दुकानात त्याने पाच डॉलरचे जुने कॉर्नेट पाहिले, तेव्हा पहिले पैसे कार्नोफ्स्कींनीच उचल म्हणून दिले. त्या घरी आपल्याला जेवायला बसवून घेत, ही आठवण लुईने शेवटपर्यंत जपली.

१९१२ सालच्या अखेरच्या रात्री, नव्या वर्षाच्या जल्लोषात, या अकरा वर्षांच्या पोराने घरातले पिस्तूल रस्त्यात उडवले. पोलिसांनी धरले आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने आधी त्याच्याकडे संशयानेच पाहिले. मग खंजिरी, मग ढोल, मग बिगुल, आणि शेवटी कॉर्नेट त्याच्या हाती दिले. संस्थेचा बँड शहरातून निघाला आणि त्याचा म्होरक्या म्हणून लुई आपल्या आळीतून वाजवीत गेला. १९१४ साली तो सुटला, पण सुटून जायचे कोठे? कोळशाची गाडी होतीच. दिवसभर कोळसा ओढायचा आणि संध्याकाळी जेथे ऑलिव्हर वाजवीत असेल, तेथे रस्त्यावर उभे राहून ऐकायचे.

येथून गुरुशिष्याचा संबंध सुरू होतो आणि तो अगदी आपल्या ओळखीचा आहे. ऑलिव्हरची बायको स्टेला या पोराला बाजारहाट करायला पाठवी, घरातली बारीकसारीक कामे सांगी आणि त्याबद्दल पोटभर राजमा-भात वाढी. जेवण झाले की ऑलिव्हर त्याला घेऊन बसे. फी नाही, कागद नाही. गुरूने वाजवावे, शिष्याने वाजवावे, चुकले की पुन्हा. एके दिवशी ऑलिव्हरने आपले जुने कॉर्नेट त्याला देऊन टाकले. लुई ते किती तरी वर्षे वाजवीत होता. तो त्याला ‘पापा जो’ म्हणे. ज्याला बाप नव्हता त्याच्या तोंडून ही हाक आली, हे लक्षात घेतले पाहिजे.

विद्या लपवण्याची खोड सर्वच देशांत आहे. न्यू ऑर्लिन्सचाच फ्रेडी केपर्ड नावाचा नामांकित कॉर्नेटवादक आपली बोटे कोणी पाहू नयेत म्हणून हातावर रुमाल टाकून वाजवी, असे सांगतात. आपल्या जागा चोरीला जातील या भीतीने त्याने ध्वनिमुद्रणालाही आधी नकार दिला, असेही म्हणतात. आपल्याकडेही चीज सांगताना अंतरा गाळणारे खाँसाहेब होऊन गेले. या पार्श्वभूमीवर ऑलिव्हरचे कोळसेवाल्या पोराला शिकवणे उठून दिसते. रस्त्यात उभे राहून कोणताही पोर काही विचारू लागला तर तो थांबून सांगत असे, ही लुईनेच दिलेली साक्ष आहे.

१९१७ साली दोन गोष्टी घडल्या. जाझची पहिली तबकडी निघाली, ती पाच गोऱ्या वादकांची. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांना आणखी पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागली. दुसरी गोष्ट म्हणजे, महायुद्धात अमेरिका उतरल्यावर आरमाराच्या आग्रहावरून शहरातील स्टोरीव्हिल ही रंगढंगांची वस्ती बंद करण्यात आली आणि तेथे रात्री वाजवणाऱ्यांची कमाई आटली. दक्षिणेतील छळाला कंटाळून कृष्णवर्णीय मजूर हजारोंनी उत्तरेच्या कारखान्यांकडे चालले होतेच. श्रोते गेले तिकडे वादकही गेले. ऑलिव्हर शिकागोला गेला आणि ऑरीच्या बँडातील त्याची जागा लुईला मिळाली. पुढे लुईने नदीवरील सहलीच्या बोटींवर फेट मॅरेबल याच्या बँडात नोकरी धरली. तेथे त्याला नोटेशन वाचायला शिकावे लागले. घरच्या तालमीला शाळेची जोड मिळाली.

ऑगस्ट १९२२ मध्ये शिकागोहून गुरूची तार आली: माझ्या बँडात दुसरा कॉर्नेटवादक म्हणून ये. लुई एकवीस वर्षांचा होता. गाव सोडून उत्तरेत गेलेले कित्येक वादक हात हलवीत परतलेले त्याने पाहिले होते. दुसऱ्या कोणी बोलावले असते तर आपण गेलोच नसतो, असे तो म्हणे. आईने प्रवासाला मासळीचे सँडविच बांधून दिले, कारण आगगाडीच्या भोजनगृहात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. शिकागोच्या स्टेशनावर उतरला तर गुरू न्यायला आलेला नाही; तो तिकडे वाजवीत होता. त्याने सांगून ठेवलेल्या हमालाने लुईला गाडीत बसवून लिंकन गार्डन्स नावाच्या नाचघराकडे धाडले. बाहेरून बँडाचा आवाज ऐकून, या लोकांत आपला कसला निभाव लागतो, म्हणून पोरगा दारातच घुटमळला.

त्या बँडात लुईखेरीज न्यू ऑर्लिन्सचे जॉनी डॉड्स आणि बेबी डॉड्स हे भाऊ होते, ऑनोरे डुट्रे आणि बिल जॉन्सन होते, आणि पियानोवर मेम्फिसची लिल हार्डिन ही शिकलेली मुलगी होती. लोक येत ते दोन कॉर्नेटांची जुगलबंदी ऐकायला. जाझमध्ये ‘ब्रेक’ म्हणून एक प्रकार असतो. सगळा बँड एकदम थांबतो, दोन बारांएवढी जागा मोकळी सुटते, आणि एका वादकाने ती त्याच क्षणी सुचेल त्या स्वरवाक्याने भरून समेवर यावे तसे बरोबर परत यायचे असते. आता एकट्याने हे करणे समजू शकते. पण येथे दोघे मिळून, एकमेकांशी जुळणाऱ्या दोन वेगवेगळ्या सुरावटींत, तालीम न करता ती जागा भरीत. शिकागोतील वादक डोके खाजवीत. इंगित असे होते की, बँड पुढे चाललेला असताना ऑलिव्हर लुईकडे वाकून आपल्या वाद्याच्या कळांवर बोटांनी पुढच्या ब्रेकची सुरावट दाखवी. लुई ती नजरेने टिपून तिला साजेशी दुसरी त्याच क्षणी बांधी. ही संगत नाचघरात जन्मली खरी, पण तिच्यामागे स्टेलाच्या स्वयंपाकघरातली कित्येक वर्षांची बैठक होती.

५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी हा बँड इंडियाना राज्यातील रिचमंड येथे गेनेट कंपनीकडे ध्वनिमुद्रणासाठी गेला. मायक्रोफोन अजून यायचा होता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवायचे. शेजारून रेल्वेचा फाटा जाई. गाडी आली की काम थांबवावे लागे. गुरू आणि शिष्य शेजारी उभे राहिले तेव्हा गुरूचा आवाज ऐकूच येईना. म्हणून लुईला मागे, बारा-पंधरा फुटांवर कोपऱ्यात उभे करण्यात आले. तो बिचारा खिन्न होऊन उभा राहिला. लिल हार्डिनने पुढे सांगितले की, ते पाहून आपल्या मनात प्रथमच आले, याला इतके लांब उभे करावे लागते त्या अर्थी हा त्याच्यापेक्षा सरस असला पाहिजे. त्याच मुक्कामात झालेल्या ‘डिपरमाउथ ब्लूज’ या तबकडीत ऑलिव्हरने रबरी गोळ्याने वाजवलेले तीन आवर्तनांचे एकलवादन अमेरिकेतील कॉर्नेटवाल्यांनी अक्षरशः पाठ केले.

लिलने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ऑलिव्हर एकदा तिला खाजगीत म्हणाला की, लुई माझ्याहून चांगला वाजवतो. पण तो माझ्याजवळ आहे तोपर्यंत माझ्या पुढे जाणार नाही, राजा मीच राहीन. या बोलण्याचा राग यावा की कीव यावी? ज्याने पोटच्या पोराप्रमाणे शिकवले त्यालाच त्या शिकवण्याच्या फळाची धास्ती वाटावी, ही मनुष्यस्वभावाची गाठ आहे. शिष्य दूर असता तर त्याच्याशी स्पर्धा करावी लागली असती; जवळ ठेवल्यामुळे त्याचे तेज आपल्याच गादीला मिळत होते. गुरूचे प्रेम खरे होते आणि भीतीही खरी होती. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

५ फेब्रुवारी १९२४ रोजी लुईचे आणि लिलचे लग्न झाले. लिलला दुसऱ्या कॉर्नेटवाल्याची बायको राहायचे नव्हते. तिने नवऱ्याला नीट कपडे घालायला लावले आणि गुरूला सोडून जायला लावले. इकडे बँडात पैशांवरून कुरबुर सुरू झाली होती. तबकड्यांच्या कमाईचा हिशेब ऑलिव्हर नीट देत नाही, असा डॉड्स बंधूंना संशय होता आणि ते निघून गेले होते. १९२४ सालच्या उन्हाळ्यात लुईने गुरूचा निरोप घेतला. त्याला हे फार जड गेले, आणि गुरूविरुद्ध बोललेले त्याला पुढेही कधी खपले नाही. शरद ऋतूत तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडात दाखल झाला. तेथील वादकांना त्याचे जाड बूट आणि गावंढळ पोशाख पाहून हसू आले. वाद्य ओठांशी लागल्यावर हसणे थांबले.

या बँडाने मे १९२५ मध्ये ‘शुगर फूट स्टॉम्प’ ही तबकडी काढली. ती म्हणजे गुरूची ‘डिपरमाउथ ब्लूज’च नव्या नावाने. लुई तेव्हा स्वतःची नवी रचना सहज करू शकत होता. एकलवादनाची जागा आली तेव्हा त्याने वाजवली ती गुरूची तीन आवर्तने, गुरूच्याच वळणाने. घराण्याची चीज गाताना शिष्य आधी गुरूचा मुखडा मांडतो आणि मग आपल्या वाटेने जातो. त्यातलाच हा प्रकार. आपली वाट लुईने त्याच वर्षी धरली. शिकागोला परतून १२ नोव्हेंबर १९२५ रोजी त्याने ‘हॉट फाइव्ह’ या नावाने पाच जणांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. जाझ तोपर्यंत सर्वांनी मिळून वाजवण्याची कला होती; एका कलावंताने स्वतःची कल्पना क्रमाक्रमाने उलगडून दाखवण्याची कला ती या तबकड्यांनी झाली. १९२६ साली त्याने शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे घेऊन गायलेली ‘हीबी जीबीज’ निघाली. आपल्या तराण्याशी नाते सांगणारी ही रीत ‘स्कॅट’ म्हणून रूढ झाली.

इकडे राजाचे ग्रह फिरले. १९२४ च्या नाताळात लिंकन गार्डन्स जळाले. दुसऱ्या नाचघरात दोन वर्षे बरी गेली; मग तेही बंद झाले. मद्यबंदीचा तो काळ. शिकागोची नाचघरे गुंडांच्या टोळ्यांच्या हाती होती आणि वादकाची भाकरी त्यांच्या मर्जीवर अवलंबून होती. १९२७ साली ऑलिव्हर न्यूयॉर्कला गेला. कॉटन क्लब या ठिकाणी बँड हवा होता. देऊ केलेला पगार आपल्या इतमामाला शोभत नाही म्हणून त्याने नकार दिला, असे सांगतात. डिसेंबरमध्ये ती जागा ड्यूक एलिंग्टन या तरुणाने घेतली आणि रेडिओवरून त्याचे नाव देशभर पोहोचले. एलिंग्टनच्या बँडाचा गुरगुरणारा, माणसासारखा बोलणारा ट्रम्पेट ज्या बबर मायलीने दिला, तो ती विद्या शिकागोत ऑलिव्हरचे वादन ऐकूनच शिकला होता.

त्यात हिरड्यांचा रोग. ऑलिव्हर गोडाचा इतका भोक्ता की पावात साखर घालून खाई. दात ढिले झाले आणि कॉर्नेटवाल्याचे तर सारे बळ ओठांत आणि दातांत. त्याच्या नावावर निघणाऱ्या तबकड्यांत हळूहळू दुसऱ्यांचे वादन अधिक आणि त्याचे कमी होत गेले.

तरी जाता जाता त्याने एक चीज दिली. ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही रचना ऑलिव्हरची. ११ जून १९२८ रोजी त्याने न्यूयॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित केली. सतराच दिवसांनी, २८ जूनला, शिकागोत लुईने तीच उचलली. साथीला पियानोवर अर्ल हाइन्स. आरंभी लुई कोणाच्याही साथीशिवाय, एकटा, ट्रम्पेटवर एक मुक्त तान घेतो. ती पंधरा सेकंदांच्या आत संपते, पण तेवढ्यात तो वरच्या सप्तकाच्या टोकापर्यंत जाऊन खाली उतरतो आणि मग शांतपणे गुरूची अस्ताई हाती घेतो. पुढे तोंडाने निरर्थक अक्षरे घेऊन क्लॅरिनेटशी हलकासा संवाद, आणि अखेरीस वरचा एकच सूर इतका लांबवतो की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. सबंध तबकडी सव्वातीन मिनिटांची. लुईच्या आयुष्यातील सर्वोत्तम काम कोणते, असे विचारल्यास बहुतेक जाणकार या तबकडीकडे बोट दाखवतात. ती चीज त्याच्या गुरूची आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पुढची दहा वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती वाचणेही क्लेशदायक आहे. शिकागोची बँक बुडाली आणि ऑलिव्हरची शिल्लक तिच्याबरोबर गेली. फुटक्या बसमधून नवशिक्या पोरांचा बँड घेऊन तो दक्षिणेत गावोगाव फिरला. बस मोडे, ठेकेदार पैसे बुडवी, पोरे सोडून जात. शेवटी जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना येथे तो अडकून पडला. काही दिवस त्याने रस्त्याकडेला भाजीफळे विकली. मग बिलियर्डच्या एका खोलीत झाडूवाल्याची नोकरी धरली. सकाळी नवाला उघडायचे, मध्यरात्री मिटायचे.

१९३७ साली लुईचा बँड सॅव्हानाला आला. आता तो देशभर गाजलेला, चित्रपटांतही झळकलेला. भाजीच्या गाडीमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्याने ओळखले. खिशात होते ते सुमारे दीडशे डॉलर त्याने काढून दिले. बँडातील लुई रसेल, रेड अ‍ॅलन, पॉप्स फॉस्टर, अल्बर्ट निकोलस आणि पॉल बार्बरिन हे वादक पूर्वी ऑलिव्हरच्या हाताखालचे. त्यांनीही आपापले खिसे रिकामे केले. त्या रात्री कार्यक्रम चालू असता लुईने बाजूला पाहिले, तर पडद्याआड ऑलिव्हर उभा. गहाण ठेवलेले कपडे सोडवून आणून तो आला होता: डोक्यावर स्टेटसन हॅट, अंगात जुन्या तऱ्हेचा कोट, पायांत उंच बटणांचे बूट. १९१५ सालचा रुबाब तसाच्या तसा. मिळालेल्या पैशांतून त्याने आधी औषध आणले नाही. राजाचा पोशाख आणला. ती रात्र त्याने शिष्याचे वादन ऐकण्यात आणि जुन्या मंडळींशी बोलण्यात आनंदात घालवली, असे लुई सांगे.

त्या दिवसांत ऑलिव्हर न्यूयॉर्कला असलेल्या आपल्या बहिणीला पत्रे लिहीत असे. रक्तदाब वाढला आहे, पैशांअभावी उपचार थांबवले आहेत, तुझ्याकडे येण्याच्या तिकिटासाठी पैसे साठवतो आहे आणि आजवर एक डॉलर साठ सेंट जमले आहेत, असा त्यांतील मजकूर. हिवाळ्यात ओव्हरकोट नाही, तरी देवाची कृपा आहे, हेही त्यात आहे. शिष्याविषयी किंवा जगाविषयी कडवटपणा नाही. तिकिटाचे पैसे जमले नाहीत. एप्रिल १९३८ मध्ये तो सॅव्हानातच वारला. बहिणीने घरभाड्याचे पैसे खर्चून त्याचा देह न्यूयॉर्कला आणला. वुडलॉन दफनभूमीत त्याला माती दिली तेव्हा लुई हजर होता. थडग्यावर शिळा बसवायला मात्र पैसे उरले नव्हते.

येथे बडोद्याच्या वाचकाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. आपल्या संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचे एक सरकारी खातेच होते. गवयांना, बीनकारांना, सनईवाल्यांना नेमणूक होती. फैयाजखाँसाहेबांसारख्यांना दरबाराचा आश्रय होता. दरबारी चाकरीत मिंधेपणाही होता आणि मानापमानही होते, हे खरे. पण गळा बसलेल्या गवयाला झाडू हाती घ्यावा लागणार नाही एवढी तजवीज तरी होती. ऑलिव्हरचा दरबार म्हणजे तिकीट काढून नाचायला येणारी गर्दी. दात पडले त्या दिवशी त्याची नेमणूक संपली. लुईचे तसे झाले नाही याचे एक कारण त्याची प्रतिभा. दुसरे कारण असे की, १९३५ साली त्याने आपले करार आणि हिशेब जो ग्लेझर नावाच्या एका धूर्त, दांडग्या गोऱ्या व्यवस्थापकाच्या स्वाधीन केले. ग्लेझरने स्वतःचा वाटा भरपूर घेतला, पण लुईला कोणी बुडवू शकले नाही. कृष्णवर्णीय कलावंताला त्या काळी प्रतिभेइतकीच गोऱ्या रखवालदाराचीही गरज होती, हे त्या देशाला भूषणावह नव्हते.

लुई हे विसरला होता असे नव्हे. सदा हसणारा म्हणून त्याच्याच तरुण बांधवांनी त्याची हेटाळणी केली. पण १९५७ साली लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ देईनात, तेव्हा त्याने अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उघड टीका करून सरकारी खर्चाने ठरत असलेला रशियाचा दौरा झिडकारला. गोरे आणि काळे वादक एका मंचावर बसू नयेत असा कायदा लुइझियानाने १९५६ मध्ये केला, तेव्हा त्याने जन्मगावी वाजवणेच सोडले. परतला तो १९६५ मध्ये, कायदा गेल्यावर. ६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या साध्या घरी तो वारला. पुढच्याच महिन्यात, २७ ऑगस्टला, शिकागोत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. लिल हार्डिन, जिचा आणि त्याचा घटस्फोट होऊनही स्नेह टिकला होता, पियानोवर बसली आणि वाजवता वाजवताच कोसळून मरण पावली. रिचमंडला ज्याला कोपऱ्यात उभे केलेले तिने पाहिले होते, त्याच्यासाठीच तिने अखेरचे वाजवले.

गुरूने शिष्याला अडवून धरले का, शिष्याने गुरूला वाऱ्यावर सोडले का, याचा निवाडा करायला आपण कोणी न्यायाधीश नाही. लुईने जन्मभर, विचारो वा न विचारो, ‘पापा जो नसता तर मी नसतो’ या अर्थाचे उद्गार काढले, ही एक गोष्ट पुरेशी आहे. ज्यांना अधिक जाणून घ्यायचे असेल त्यांनी या दोन तबकड्या ऐकाव्यात. त्या आज सहज ऐकायला मिळतात. आधी ११ जून १९२८ ची ऑलिव्हरची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकावी. ती साधी आहे, जरा थकलेली आहे, पण चीज नीट कळते. मग २८ जूनची लुईची लावावी. पहिली तान ऐकून ‘वाहवा’ म्हणून झाले की तिच्यानंतर येणारी अस्ताई कोणाची, हे मनात ठेवून पुढे ऐकावे.